निगेटिव्ह स्कॅन करायला परवडणारा स्कॅनर कसा निवडाल

फिल्म स्कॅनरच्या खोक्यावर सगळ्यात ठळक छापलेला आकडा डीपीआयचा, म्हणजे एका इंचात किती ठिपके वाचतो याचा, असतो आणि नवखा ग्राहक नेमका त्याच आकड्यावर जातो. ६४०० म्हणजे ३६०० पेक्षा चांगला आणि ७२०० त्याहून चांगला, असा त्याचा हिशेब. तो हिशेब चुकतो, कारण ६४०० छापलेला सपाट काचेचा स्कॅनर फिल्ममधून प्रत्यक्षात १६०० डीपीआयच्या आसपासचाच तपशील काढतो. म्हणून हा आकडा सगळ्यात शेवटी बघा. आधी तुमच्याकडे कोणत्या मापाची फिल्म आहे, ती किती आहे आणि त्या स्कॅनचं पुढे काय करायचं आहे, हे ठरवा. या तीन उत्तरांवर निम्मी निवड आपोआप होते.

पायरी १ : खोका उघडा, ओळखा, मोजा

मोबाइलच्या पडद्यावर पूर्ण पांढरं चित्र लावा आणि एकेक पट्टी त्यासमोर धरा. दोन्ही कडांना भोकं असलेली फिल्म ३५ मिमीची. तिची फ्रेम २४ × ३६ मिमी असते. भोकं नसलेली, साधारण ६ सेंमी रुंद फिल्म १२० ची. घरात आग्फा क्लिक थ्री असेल तर त्याच्या चौकोनी निगेटिव्ह याच फिल्मच्या. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ ही कृष्णधवल फिल्म आपल्याकडे बरीच वापरली गेली, तिच्या निगेटिव्हही जुन्या पाकिटांतून निघतात. जेमतेम १६ मिमी रुंद, नखाएवढ्या चित्रांची पट्टी दिसली तर ती ११० ची. तिची फ्रेम १३ × १७ मिमी असते आणि बहुतेक स्कॅनरसोबत तिचा होल्डर, म्हणजे फिल्म धरणारी चौकट, येत नाही, हे आताच लिहून ठेवा.

मग रंग बघा. पट्टीचा पाया नारिंगी असेल तर रंगीत निगेटिव्ह, म्हणजे सी-४१ या धुण्याच्या प्रक्रियेची. पाया राखाडी किंवा पारदर्शक आणि चित्र उलट्या छटांचं असेल तर कृष्णधवल. चित्र सरळ, खऱ्या रंगांत दिसत असेल तर ती स्लाइड. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या जुन्या स्लाइडच्या पुठ्ठ्यावर ‘कोडाक्रोम’ (कोडॅकची जुनी स्लाइड फिल्म) छापलेलं असेल तर त्या वेगळ्या काढा, त्यांचं कारण पुढे येईल.

पाकीट उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती फिल्म बाकीच्यांपासून लगेच दूर ठेवा आणि सगळ्यात आधी स्कॅन करा. अ‍ॅसिटेटचा पाया विघटन पावायला लागला की तो आकसतो, गुंडाळतो आणि पुन्हा सपाट होत नाही.

शेवटी मोजा. कागदावर एवढंच लिहा: ३५ मिमी रंगीत किती रोल, ३५ मिमी कृष्णधवल किती, १२० किती, स्लाइड किती, आणि यापुढे दर महिन्याला नवीन किती रोल काढणार. शेवटचा आकडा शून्य असेल आणि जुने रोल २०-२५ च्या आत असतील, तर स्कॅनर घेऊच नका. समजा लॅब एका रोलचे ३०० रुपये घेते, तर २५ रोलचे ७५०० झाले. तेवढ्यात नवीन चांगला फिल्म स्कॅनर येत नाही, आणि आला तरी तुमचे कित्येक रविवार त्यात जातात. लॅबला दोनच गोष्टी विचारा: फाइल किती बाय किती पिक्सेलची देता, आणि टिफ (तपशील न गमावता साठवलेली मोठी फाइल) देता की फक्त जेपेग. आणि निगेटिव्ह परत घ्यायला विसरू नका. स्कॅन मिळाले म्हणून लोक निगेटिव्ह लॅबमध्येच सोडतात, आणि पुढे चांगला स्कॅन हवा झाला की हातात काही उरलेलं नसतं.

पायरी २ : किती पिक्सेल लागतात ते काढा

हिशेब सोपा आहे. फ्रेमची लांबी मिलिमीटरमध्ये घ्या, २५.४ ने भागा, खऱ्या डीपीआयने गुणा. ३५ मिमीच्या फ्रेमची लांब बाजू ३६ मिमी, म्हणजे १.४२ इंच.

१६०० डीपीआयला सुमारे २२७० × १५१० पिक्सेल मिळतात, म्हणजे ३.४ मेगापिक्सेल. यातून ५ × ७ इंचाचा प्रिंट उत्तम निघतो आणि मोबाइल-टीव्हीला हे भरपूर झालं. २४०० ला ३४०० × २२७० मिळतात, म्हणजे ७.७ मेगापिक्सेल. ८ × १२ चा प्रिंट ३०० डीपीआयने काढायचा तर २४०० × ३६०० पिक्सेल लागतात, त्याच्या अगदी जवळ हे जातं. ३६०० ला ५१०० × ३४०० म्हणजे १७ मेगापिक्सेल. हौशी माणसाच्या ३५ मिमी फिल्मसाठी याच्या पुढे जाण्यात फारसा अर्थ नाही. हातात धरून काढलेल्या, ४०० आयएसओच्या (आयएसओ म्हणजे फिल्मची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) फोटोत बहुधा तेवढा तपशील नसतोच, पुढे फक्त कणांचा आकार वाढतो.

१२० ला मात्र गणित बदलतं. ६ × ६ ची प्रत्यक्ष फ्रेम ५६ मिमीची असते. तिच्यातून १६०० डीपीआयनेही सुमारे ३५०० × ३५०० पिक्सेल, म्हणजे १२ मेगापिक्सेल मिळतात. जो स्कॅनर ३५ मिमीला तोकडा पडतो, तोच १२० ला पुरून उरतो. स्वस्तातली निवड बरीचशी याच एका गोष्टीवर ठरते.

पायरी ३ : इन्फ्रारेड लागतं का, ते ठरवा

फिल्म स्कॅनिंगमध्ये वेळ खाणारं काम म्हणजे धूळ पुसणं. एका फ्रेमवरचे ठिपके संगणकावर हाताने काढायला १० मिनिटं सहज जातात, ३६ फ्रेमचा रोल म्हणजे सहा तास. यावर उपाय म्हणून काही स्कॅनर लाल-हिरव्या-निळ्याखेरीज चौथा, इन्फ्रारेड प्रकाशाचा स्कॅन घेतात. रंगीत निगेटिव्ह आणि ई-६ प्रक्रियेत धुतलेल्या नेहमीच्या स्लाइडमधले रंग इन्फ्रारेडला पारदर्शक असतात, धूळ आणि ओरखडे नसतात. त्यामुळे चित्र बाजूला राहून फक्त घाणीचा नकाशा मिळतो आणि सॉफ्टवेअर तेवढीच जागा भरून काढतं. एप्सन आणि निकॉनच्या स्कॅनरवर याला ‘डिजिटल आइस’ म्हणतात, कॅननवर ‘फेअर’, प्लस्टेकसोबतच्या सिल्व्हरफास्ट या सॉफ्टवेअरमध्ये ‘आयएसआरडी’. नावं वेगळी, तत्त्व एकच.

कृष्णधवल निगेटिव्हमध्ये मात्र चित्र चांदीच्या कणांचं असतं, आणि चांदी इन्फ्रारेड अडवते. स्कॅनरला सगळं चित्रच धूळ वाटतं आणि तो चेहऱ्यांच्या कडा, केस, पापण्या खरवडून टाकतो. म्हणजे तुम्ही फक्त कृष्णधवलवर काम करणार असाल तर इन्फ्रारेडसाठी जादा पैसे देऊ नका. इल्फर्ड एक्सपी२ हा अपवाद, कारण ती कृष्णधवल असूनही सी-४१ मध्ये धुतली जाते आणि तिच्यात चांदी उरत नाही. कोडाक्रोमचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. तिचा निळसर-हिरवा रंगथर इन्फ्रारेड काही प्रमाणात शोषतो, त्यामुळे साध्या इन्फ्रारेड सफाईत गडद भागातला तपशील जातो. तिच्यासाठी ही सोय बंद ठेवा.

उलट बाजूने, जुने रंगीत रोल शंभरभर असतील तर इन्फ्रारेड नसलेला स्कॅनर घेणं ही चूकच. किमतीतला फरक पहिल्या महिन्यातच वेळेत वसूल होतो.

पायरी ४ : यंत्राचा प्रकार निवडा

*छोटा पडदा असलेले कन्व्हर्टर.* ऑनलाइन दुकानांत सगळ्यात आधी हेच दिसतात: डबी, वर छोटा रंगीत पडदा, आत मेमरी कार्ड. ‘२२ मेगापिक्सेल’ असं लिहिलेलं असतं. आत मोबाइलसारखा लहान सेन्सर आणि स्थिर भिंग असतं, मोठा आकडा बहुधा पिक्सेल फुगवून येतो. बहुतेक फक्त जेपेग देतात, इन्फ्रारेड नसतं, उजेड स्वतः ठरवतात आणि फ्रेमच्या कडा थोड्या कापतात. चमकदार आकाश सपाट पांढरं होतं आणि ते परत आणता येत नाही. आजोबांच्या ५०० स्लाइडमध्ये काय आहे ते दोन दिवसांत बघून घ्यायला ठीक. छंद म्हणून फिल्म वापरणाऱ्याने यात पैसे घालू नयेत.

*सपाट काचेचा, म्हणजे फ्लॅटबेड.* इथे एक सापळा आहे. घरच्या प्रिंटरवरचा स्कॅनर किंवा कॅनन लाइड ३००, लाइड ४०० यांसारखे पातळ स्कॅनर कागदावरून परतणारा उजेड वाचतात. फिल्मला उजेड वरून, आरपार लागतो. म्हणून झाकण उघडून बघा: आत दिव्याची लांबट खिडकी नसेल तर तो स्कॅनर फिल्मसाठी निरुपयोगी.

झाकणात दिवा असलेल्यांत हौशी लोकांचं नेहमीचं यंत्र म्हणजे एप्सन परफेक्शन व्ही६००. त्याच्या होल्डरमध्ये ३५ मिमीच्या सहा-सहा फ्रेमच्या दोन पट्ट्या, म्हणजे एका खेपेला १२ फ्रेम बसतात, किंवा पुठ्ठ्यातल्या चार स्लाइड. १२० चा होल्डर वेगळा येतो. इन्फ्रारेड आहे. खरा तपशील वर सांगितला तेवढाच, १६०० डीपीआयच्या आसपास. जुन्या बाजारात कॅनन कॅनोस्कॅन ९०००एफ आणि त्याचा मार्क २ मिळतो, त्याचं फळ साधारण याच तोडीचं. १२० वापरणाऱ्याने किंवा १२० आणि ३५ मिमी दोन्ही असलेल्या घराने निःशंक हा मार्ग घ्यावा. घरातले जुने प्रिंट आणि कागदपत्रंही त्यावर होतात.

*फक्त ३५ मिमीचा खास स्कॅनर.* पुस्तकाएवढा, उभट. यात प्लस्टेक ऑप्टिकफिल्म ८१०० आणि ८२००आय ही परवडणारी जोडी. दोन्हीवर ७२०० छापलेलं आहे. चाचण्यांत खरा तपशील साधारण ३२०० ते ३८०० च्या दरम्यान येतो, म्हणजे फ्लॅटबेडच्या दुप्पट. दोघांतला मुख्य फरक इन्फ्रारेडचा: ८१०० मध्ये नाही, ८२००आय मध्ये आहे. कृष्णधवलवाल्याने ८१०० घ्यावा, रंगीतवाल्याने ८२००आय.

गैरसोय एकच, पण मोठी: होल्डर प्रत्येक फ्रेमनंतर हाताने पुढे सरकवावा लागतो. फोकस स्थिर असतो, त्यामुळे वाकलेल्या पट्टीच्या कडा मऊ, म्हणजे अस्पष्ट, येतात. इन्फ्रारेड चालू केलं की दुसरी फेरी होते आणि वेळ जवळपास दुप्पट लागतो. महिन्याला दोन-तीन रोल काढणाऱ्याला हे जमतं. ३०० जुने रोल घेऊन बसणाऱ्याने आधी एक रोल मित्राच्या यंत्रावर करून बघावा, मग ठरवावं.

*जुना निकॉन किंवा मिनोल्टा.* निकॉन कूलस्कॅन व्ही ईडी खरे ४००० च्या जवळ जातो, स्वतः फोकस करतो, पट्टी स्वतः आत ओढतो आणि त्याची इन्फ्रारेड सफाई अजूनही उत्तम मानली जाते. पण ही यंत्रं बंद होऊन बरीच वर्षं झाली, सुटे भाग दुसरं मेलेलं यंत्र फोडूनच मिळतात. यूएसबी असलेलीच घ्या: कूलस्कॅन ४ ईडी, ५ म्हणजे व्ही ईडी, ५००० ईडी, किंवा मिनोल्टा डिमाज स्कॅन ड्युअल ४ (यात इन्फ्रारेड नाही). निकॉनच्याच जुन्या एलएस-३० आणि एलएस-२००० ला स्कझी जोडणी लागते, कूलस्कॅन ८००० व ९००० ला फायरवायर. ती जोडणी आजच्या लॅपटॉपला नसते आणि ती जमवण्यात नवख्या माणसाचा जीव मेटाकुटीला येतो.

पायरी ५ : घरात डिजिटल कॅमेरा असेल तर आधी हे करून बघा

पिशवीत आधीच २४ मेगापिक्सेलचा डीएसएलआर किंवा मिररलेस असेल, तर सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त तपशील याच मार्गाने मिळतो. एपीएस-सी सेन्सरवर (हा ३५ मिमीच्या फ्रेमहून लहान असतो) ३५ मिमीची फ्रेम भरली की ६००० पिक्सेल ३६ मिमीत बसतात, म्हणजे ४२०० डीपीआय. आणि एका फ्रेमला दोन सेकंद.

लागणाऱ्या गोष्टी चार: जवळून फोकस करणारं भिंग, सम प्रकाश, फिल्म सपाट धरणारा होल्डर, आणि कॅमेरा खाली तोंड करून घट्ट धरणारा खांब.

भिंगासाठी लगेच १:१ चा मॅक्रो, म्हणजे वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराएवढी उतरवणारं भिंग, शोधू नका. फुल फ्रेम, म्हणजे ३५ मिमीच्या फ्रेमएवढा सेन्सर असलेल्या, कॅमेऱ्याला १:१ लागतो, पण एपीएस-सीचा सेन्सर २३.५ मिमी रुंद असल्याने ०.६५ पट पुरतं, आणि त्याहून लहान सेन्सरच्या मायक्रो फोर थर्ड्सला निम्म्या पटीच्या आसपास. जुनं ५० मिमीचं हाताने फोकस होणारं भिंग आणि १२ अधिक २० मिमीच्या एक्स्टेंशन ट्यूब, म्हणजे कॅमेरा आणि भिंग यांच्यामधल्या पोकळ नळ्या, लावल्या की ३२ भागिले ५०, म्हणजे ०.६४ पट मिळते. जुनं मायक्रो-निक्कॉर ५५ मिमी मिळालं तर त्याहून छान. ते स्वतः निम्म्या पटीपर्यंत जातं, १२ मिमीच्या ट्यूबने एपीएस-सीचं काम पूर्ण होतं. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात अशी भिंगं आणि ट्यूब हातात घेऊन बघता येतात.

प्रकाशासाठी सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा) ९५ किंवा वरचं एलईडी पॅनल घ्या. मोबाइल किंवा टॅबलेटचा पडदा वापरायचाच तर फिल्म त्यापासून चार-पाच सेंमी वर ठेवा आणि मध्ये दुधी अ‍ॅक्रिलिक घाला, नाहीतर पडद्याचे पिक्सेलच फोटोत जाळीसारखे येतात. पॅनल मंद करू नका. बरेच एलईडी मंद केले की लुकलुकतात आणि चित्रात आडवे पट्टे पडतात. पॅनल पूर्ण उजेडावर ठेवून शटर १/२५ किंवा त्याहून हळू ठेवलं की पट्टे बहुतेक जातात.

जुळवणी अशी करा. फिल्मच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर भिंगाचं प्रतिबिंब बघा, ते बरोबर मध्यभागी येईपर्यंत कॅमेरा किंवा होल्डर हलवा. तेव्हा सेन्सर आणि फिल्म समांतर झाले. ही पायरी टाळली की एक कोपरा धारदार आणि समोरचा मऊ येतो, कारण एवढ्या जवळून एफ/८ ला (एफ हा भिंगाच्या छिद्राचा आकडा, मोठा आकडा म्हणजे लहान छिद्र) फोकसची खोली अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच असते. एफ/११ च्या पुढे छिद्र लहान करून खोली वाढवायला जाऊ नका, विवर्तनाने, म्हणजे लहान छिद्रातून उजेड पसरल्याने, सगळंच मऊ होतं.

मग आयएसओ १००, एफ/८, रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल), दोन सेकंदांचा टायमर. फ्रेमभोवतीचा उघडा उजेड काळ्या कागदाने झाका आणि खोलीतले दिवे बंद करा, नाहीतर भिंगात शिरलेला भटका उजेड सावल्या राखाडी करतो. एक्स्पोजर हाताने ठरवून पूर्ण रोलभर तेच ठेवा. हिस्टोग्राममध्ये, म्हणजे कॅमेऱ्यावरच्या उजेडाच्या आलेखात, नारिंगी पायाचा लाल भाग उजव्या कडेला आदळू देऊ नका.

निगेटिव्ह उलटवायला डार्कटेबल हे मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात ‘नेगाडॉक्टर’ नावाचं साधन ३.२ आवृत्तीपासून येतं. आधी त्याला दोन फ्रेममधला कोरा नारिंगी भाग दाखवायचा, मग सावल्या आणि उजेड. लाइटरूम वापरणाऱ्यांसाठी निगेटिव्ह लॅब प्रो आहे, ते विकत घ्यावं लागतं.

या मार्गाला इन्फ्रारेड नाही, हे विसरू नका. बुरशी आणि ओरखड्यांनी भरलेले जुने रंगीत रोल असतील तर ८२००आय किंवा फ्लॅटबेडच बरा. स्वच्छ, नुकत्याच धुतलेल्या फिल्मसाठी आणि कृष्णधवलसाठी मात्र कॅमेऱ्याला तोड नाही.

पायरी ६ : सेकंडहँड घेताना

लॅपटॉपवर व्ह्यूस्कॅन या स्कॅनिंग सॉफ्टवेअरची मोफत चाचणी आवृत्ती टाकून जा. तिच्यात स्कॅनवर डॉलरच्या खुणा उमटतात, पण तपासणीला तेवढं पुरतं. सोबत तुमच्याच तीन पट्ट्या न्या: एक रंगीत निगेटिव्ह, एक गडद स्लाइड, आणि एक अशी फ्रेम जिच्यात काळ्याभोर भागाला लागून झगझगीत उजेड आहे.

गडद स्लाइडच्या सावल्यांत रंगीत रेघा दिसल्या तर सेन्सर किंवा कॅलिब्रेशनचा दोष. उजेडाच्या कडेपलीकडे धूसर तेज पसरलेलं दिसलं तर आतल्या आरशावर धूळ किंवा बुरशी बसली आहे. जुन्या कूलस्कॅनमध्ये हे फार होतं, आणि समुद्रकाठच्या दमट हवेत राहिलेल्या यंत्रात तर हमखास बघा. सफाई होते, पण यंत्र उघडावं लागतं, म्हणून किंमत त्या हिशेबाने पाडा. इन्फ्रारेड चालू करून एक रंगीत फ्रेम स्कॅन करा, धूळ गेली पाहिजे.

होल्डर मोजा. फ्लॅटबेडचा होल्डर हरवलेला असेल तर यंत्र अर्ध्या किमतीचं समजा. कूलस्कॅनसोबत पट्टीचा एसए-२१ आणि स्लाइडचा एमए-२१ दोन्ही अडॅप्टर आहेत का ते बघा. सुट्या कापलेल्या फ्रेमसाठी एफएच-३ होल्डर लागतो, तो एमए-२१ मध्ये बसतो. जपान किंवा अमेरिकेहून मागवलेल्या यंत्राच्या मागचं लेबल वाचा. १००-२४० व्होल्ट लिहिलं नसेल तर आपल्या २३० व्होल्टला ट्रान्सफॉर्मरशिवाय लावू नका.

सॉफ्टवेअरची किंमतही धरा. कूलस्कॅनसोबतचं मूळ सॉफ्टवेअर आजच्या संगणकावर सरळ चालत नाही, व्ह्यूस्कॅन चालतं. फिल्मसाठी त्याची प्रोफेशनल आवृत्ती लागते. सिल्व्हरफास्टचा परवाना त्या त्या स्कॅनर मॉडेलसाठी असतो. यंत्र बदललं की तो पुढे चालेल असं गृहीत धरू नका.

पायरी ७ : पहिला रोल

पंखा बंद करा. खोलीतली निम्मी धूळ तोच फिरवत असतो. सुती हातमोजे घाला, पट्टी कडांनी धरा, रबरी फुगा दाबून दोन्ही बाजूंनी हवा मारा. तोंडाने फुंकर नको, थुंकीचा कण फिल्मवरच्या जिलेटिनच्या थरावर डाग पाडतो. पावसाळ्यानंतर पट्टीवर जाळीसारखी बुरशी दिसली तर पाण्याने धुऊ नका. बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि चित्रच वाहून जातं. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडावर घेऊन आधी कोऱ्या टोकावर हलकेच पुसून बघा, मग पुढे जा.

वाकलेली पट्टी प्लॅस्टिकच्या स्लीव्हमध्ये घालून जड पुस्तकाखाली दोन-तीन दिवस ठेवा. डीपीआय वाढवण्यापेक्षा फिल्म सपाट करण्याने चित्र जास्त सुधारतं.

फिल्मची चकचकीत बाजू आणि मंद बाजू ओळखा. मंद ती चित्राची. एप्सनच्या होल्डरमध्ये चकचकीत बाजू खाली जाते. चुकलात तर चित्र आरशातल्यासारखं उलटं येतं, दुकानाच्या पाटीवरून लगेच कळतं.

आता सेटिंग. रंगीतला ४८ बिट, कृष्णधवलला १६ बिट ग्रे. व्ही६०० वर ३५ मिमीला २४०० पुरे, प्लस्टेकवर ३६००. धार वाढवणारी सोय बंद, आपोआप रंग सुधारणं बंद. व्ह्यूस्कॅनमध्ये दोन फ्रेममधला कोरा भाग निवडून पूर्वदृश्य घ्या, एक्स्पोजर लॉक करा, पुन्हा पूर्वदृश्य घेऊन फिल्म बेसचा रंग लॉक करा. मग अख्ख्या रोलचे रंग एकसारखे येतात. हे केलं नाही तर प्रत्येक फ्रेम आपापला रंग ठरवते आणि एकाच लग्नातली एकच पैठणी चार फोटोंत चार रंगांची दिसते.

टिफमध्ये साठवा. ३६०० ला ४८ बिटची एक फाइल सुमारे १०० एमबी, ३६ फ्रेमचा रोल पावणेचार जीबी. १०० रोलसाठी एक टीबीची डिस्क आणि तिची दुसरी प्रत धरून चाला.

बिघडलं तर

चित्रावर तेलाच्या तवंगासारखी इंद्रधनुषी वर्तुळं आली तर फिल्म काचेला टेकते आहे. ती उचलून होल्डरमध्ये धरा किंवा न्यूटन रिंग न पडणारी खरबरीत काच वापरा. स्कॅनच्या दिशेने लांब सरळ रेघ प्रत्येक फ्रेममध्ये एकाच जागी येत असेल तर फ्लॅटबेडच्या काचेच्या टोकाशी, होल्डरमध्ये कॅलिब्रेशनसाठी सोडलेल्या खिडकीत धूळ आहे. तेवढी जागा पुसा, बहुधा तिथेच संपतं.

फ्लॅटबेडवर सगळंच मऊ वाटत असेल तर फोकसची उंची तपासा. होल्डरच्या दोन्ही टोकांखाली साध्या ८० जीएसएम कागदाचे पाच-पाच तुकडे सरकवा, सुमारे अर्धा मिलिमीटर उंची वाढते. स्कॅन करा, मग दहा तुकडे, पुन्हा स्कॅन. तिन्ही चित्रं शंभर टक्के आकारात शेजारी ठेवून फिल्मचे कण बघा. कण जिथे सर्वांत टोकदार दिसतात ती तुमच्या यंत्राची उंची. तेवढ्या जाडीची पट्टी चिकटपट्टीने कायमची लावून टाका.

स्कॅन झालेल्या निगेटिव्ह पीव्हीसीच्या पाकिटात परत घालू नका, पॉलिप्रॉपिलीनच्या पानांत ठेवा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाका. त्याचे दाणे रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर कोरडे करून पुन्हा वापरता येतात, पण तो तवा मग स्वयंपाकाला घेऊ नका. प्रत्येक पानावर आणि फाइलच्या नावात एकच क्रमांक द्या: वर्ष, रोल, फ्रेम. फाइलचं नाव रोमन अक्षरांत ठेवलेलं बरं, काही जुनी स्कॅनिंग सॉफ्टवेअर देवनागरी नाव दिसलं की फाइल साठवतच नाहीत.